काचेवरचं तूप

"अगं, हात लावू नकोस! देवाचं हाय ते!"

आत्या ओरडल्या तेव्हा माझ्या हातातलं फडकं काचेपासून वीतभर लांब होतं. तिथंच थांबलं. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. म्हणायला गोड वाटतं, एवढाच त्याचा उपयोग.

जतच्या पलीकडं एका उघड्या माळावर माझ्या नवऱ्याच्या, शशीच्या घराण्याचा खंडोबा आहे. नवं वाहन आलं की आधी त्याच्या पायरीशी न्यायचं, पूजा करायची आणि मगच वापरायला काढायचं, ही त्यांची रीत. आमची मारुती नवी नव्हती, दुसऱ्याच्या हातची होती. पण आम्हाला नवी होती. गाडी शशीनं घेतली होती आणि लायसन माझ्याकडं होतं. तो शिकतोय, शिकतोय म्हणत होता. त्यामुळं मिरजेहून माळापर्यंत मीच चालवत आले होते आणि परतही मीच नेणार होते.

पुजारी शहाणा माणूस होता. रोज दहा गाड्या बघत असणार. त्यानं तुपात शेंदूर कालवून काचेच्या एका कोपऱ्यात लिंबाएवढं स्वस्तिक काढलं आणि हात पुसले. आत्या पुढं आल्या, वाकून वाकून बघितलं.

"काढलंय का न्हाई?"

"काढलंय की आक्का. हे काय."

"एवढंसं व्हय? दिसंना सुदीक. गाडीला काय कमी पडतंय का देवाला कमी पडतंय?"

पुजारी काही बोलायच्या आत त्यांनी तुपाची वाटी त्याच्या हातातून घेतली आणि चांगल्या चारी बोटांनी, माझ्या बाजूच्या काचेच्या बरोबर मधोमध, पोळपाटाएवढं स्वस्तिक काढलं. एकदा काढून समाधान झालं नाही, म्हणून त्याच्यावरून परत बोटं फिरवली. मग "येळकोट येळकोट" झालं आणि मूठमूठ भंडारा गाडीवर उधळला गेला. हळद तुपावर बसली ती बसलीच. उरलेली सगळ्या काचेवर पसरली.

"घरी जाऊन ओवाळल्याबिगर पुसायचं न्हाई," आत्या म्हणाल्या.

"मला पुढचं दिसणार कसं?"

"कडंनं बघायचं."

मी शशीकडं बघितलं. त्यानं डोळ्यांनीच विनवलं, आजच्या दिवस जाऊ दे. मी फडकं सीटखाली टाकलं आणि गाडीत बसले. जाऊ द्यायला माझी काही हरकत नव्हती. आजचाच दिवस उरला होता.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कराडला, माहेरी निघणार होते. बॅग भरून पलंगाखाली ठेवली होती. परत यायचं की नाही, ते तिथं गेल्यावर ठरवणार होते; म्हणजे तसं शशीला सांगितलं होतं. मनात ठरलेलंच होतं. तो म्हणाला, "आधी देवाला जाऊन येऊ." त्याचं सगळं असंच. आधी दसरा होऊ दे, आधी गाडी येऊ दे, आधी देवाला जाऊन येऊ.

झालं होतं ते असं. दिवाळीच्या आधी बाबा मिरजेला येऊन गेले होते. आमचा पहिला दिवाळसण, जावयाला आणि मला बोलवायला. संध्याकाळची वेळ, मी शिकवते त्या शाळेतून अजून यायची होते, शशी कामावर. बाबा दारात उभे राहिले, पिशवी पायरीवर ठेवली, हात जोडले. आत्या दाराशी आल्या, त्यांच्या तोंडाकडं सरळ बघितलं आणि म्हणाल्या, "आज काही नको. पुढं व्हा." आणि दार लोटून घेतलं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये' या पाटीखाली जन्म गेलेला माणूस, तो आधीच कमी बोलतो. ते तसेच वळले आणि स्टँडवर जाऊन कराडची गाडी धरली. आईनं खोदून खोदून विचारल्यावर झालं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि वर एवढंच म्हणाले, "घाईत असतील." मला तर त्यांनी कळवलंच नाही. दिवाळसणाचं बोलावणं का आलं नाही म्हणून मीच रुसून फोन केला, तेव्हा आईनं रडत रडत सांगितलं. मुलीच्या बापाला 'या' म्हणायलाही त्या बाईची जीभ उचलली नव्हती.

शशी म्हणाला, "आई असं करणार नाही."

"म्हणजे माझे बाबा खोटं बोलतात?"

पण त्यानं आत्यांना विचारलं नाही. मीही विचारलं नाही. काय विचारायचं? मला तरी त्या कुठं माणसात धरत होत्या! रोज संध्याकाळी शाळेतून येऊन उंबऱ्यात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, "कोण?" लग्नाला वर्ष होत आलं, रोज त्याच वेळेला येणारी सून आणि रोज "कोण?" मी चपला आपटत सांगायची, "मी." तर म्हणायच्या, "मग ये की." समोरच्या खोलीचे पडदे दिवसभर ओढलेले. मी उघडले की त्या बंद करायच्या. म्हणायच्या, उजेड सोसत न्हाई. मला वाटायचं, मीच सोसत नाही.

जत मागं पडलं तोवर ठीक चाललं होतं. मी मान डावीकडं कलती करून, स्वस्तिकाच्या एका फाट्याखालून रस्ता बघत होते. पुढं भाकरीएवढी मोकळी जागा, तेवढंच माझं जग. मार्गशीर्षातले दिवस, ऊन लवकर उतरतं. रस्ता एका वळणावर सरळ पश्चिमेला लागला आणि सूर्य काचेवर आला.

काय झालं ते सांगून कळणार नाही. समोरचं सगळं पेटल्यासारखं झालं. तूप, हळद, धूळ, सगळ्यांनी ऊन धरून ठेवलं आणि काचेचा नुसता पिवळा पांढरा पडदा झाला. रस्ता गेला, कडेच्या बाभळी गेल्या. मी वरची झडप खाली ओढली, पण सूर्य झडपेच्याही खाली आलेला. पाय ब्रेकवर.

"शशी, मला काही दिसत नाही."

"हळू चालव. मी सांगतो."

"तू काय सांगणार? तुझ्याही बाजूला भंडाराच आहे."

तरी त्यानं पाण्याचं बटण दाबलं आणि वायपर चालू केला. तुपावर पाणी! वायपरनं स्वस्तिक आणि भंडारा कालवून सगळ्या काचेला पिठलं सारवल्यासारखं सारवलं. माझी भाकरीएवढी जागाही गेली.

"आरं, पुसताय का काय?" मागून आत्या.

"नाही आई, पाणी शिंपडलं फक्त."

मी खिडकी खाली केली, मान बाहेर काढली आणि तशी चालवायला लागले. डोळ्यात धूळ, कानात वारा. आत शशी बोलत होता, उगाच, न थांबता. दुसऱ्या रस्त्यानं यायला हवं होतं की नको, तिकडं चहा बरा मिळतो, असलं काहीतरी. तो घाबरला की बोलतो. माझ्या मनात एकच, मिरज, मिरज, मिरज. एकदा ही गाडी दारात लावली की सुटले. मध्येच एक ट्रक इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं माझे केस उडाले, आणि मला तो आलेला दिसलाच नव्हता.

"अगं मान आत घे," आत्या म्हणाल्या. "बरं दिसतं का ते? येणारं जाणारं हसतंय."

त्यावर मी मान आत घेतली. रागानं घेतली. तेवढ्यात पुढं काहीतरी हललं. पांढऱ्यात पांढरं. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी तिरकी होऊन थांबली, बंद पडली, आणि चहूकडून बें बें सुरू झालं.

मेंढरं. अख्खा कळप रस्ता ओलांडत होता. पुढच्या चाकाला लागून एक कोकरू उभं होतं, एवढंसं, आणि ते माझ्याकडंच बघत होतं. एक पागोटेवाला म्हातारा धनगर आला, कोकरू उचलून खांद्यावर टाकलं आणि बॉनेटवर काठी ठोकली.

"बाई, दिसत न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "नाही दिसत."

मी उतरले आणि दार धरून उभी राहिले. बाबांनी मला ज्या मैदानावर गाडी शिकवली, तिथं पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली होती. "दिसत नसेल तर थांबायचं. अंदाजानं चालवायची नाही." एवढं लांबलचक वाक्य ते क्वचितच बोलायचे. आणि मी त्यांची मुलगी, सासूशी शेवटच्या दिवशी वाद नको म्हणून इतका वेळ अंदाजानं चालवत होते. मला माझीच चीड आली. मग आत्यांची आली. ती जास्त आली.

शशी धनगरांच्या मागं गेला होता. त्यांना प्रसाद देऊन, हात जोडून समजूत घालत होता. मी मागचं दार उघडलं.

"आत्या, उतरा."

"का?"

"उतरा आणि पुढं माझ्या जागेवर बसा. बसून बघा, मला काय दिसतंय ते. मग सांगा, पुसू का नको."

त्यांना वाटलं होतं मी रडेन. माझा आवाज रडका नाही हे ऐकून त्या उतरल्या. गाडीला धरत धरत पुढं आल्या आणि स्टेअरिंगमागं बसल्या. नऊवारी, कपाळभर भंडारा, हात मांडीवर. सूर्य सरळ त्यांच्या तोंडावर.

"आता सांगा. दिसतोय रस्ता?"

त्यांनी समोर बघितलं.

"दिसतंय की. रोजच्यासारखंच हाय. उगं कशाला नाटकं करतीस?"

पुढं खरोखर काहीही दिसत नव्हतं! समोर हत्ती उभा असता तरी कळला नसता, आणि ही बाई मला तोंडावर सांगते, दिसतंय की. एवढा हट्ट! त्या क्षणी माझ्या मनात उरलंसुरलं काही असेल तर तेही संपलं.

"मी पुसणार आहे," मी म्हणाले. "देवाला काय करायचं ते मला करू दे. तुम्हीही करा."

मी सीटखालचं फडकं घेऊन काचेवर रगडायला लागले. तूप इकडून तिकडं जात होतं, निघत नव्हतं. आतून त्यांचा आवाज आला, जरा नरम.

"पाणी लावू नकोस त्याला. मागं पिशवीत निवदाच्या रोडग्याचं पीठ उरलंय. ते चोळ."

राग होता तरी मी पीठ घेतलं. मुठीनं काचेवर चोळलं, तूप पिठात आलं, त्याच्या गोळ्या झाल्या. मग शशीच्या वर्तमानपत्रानं पुसलं. परत पीठ, परत कागद. आपल्या लग्नाचा राग एका काचेवर काढायला मिळाला तर बाई किती चांगलं काम करते! शेवटी काच अशी झाली की नसल्यासारखी. आत आत्यांच्या कपाळावरचा भंडाऱ्याचा कण न् कण दिसत होता.

कागदाचे बोळे मी रस्त्याच्या कडेला टाकायला गेले. परत आले ती गाडीच्या समोरून. बॉनेटपाशी थांबले. सूर्य माझ्या पाठीशी होता. तळहातांना चिकटलेलं पीठ काढायला मी हात एकमेकांवर चोळत होते. तीन हातांच्या अंतरावर, स्वच्छ काचेच्या पलीकडं आत्या. आमची नजरानजर झाली.

त्यांनी माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं. कपाळाला आठी घातली. आणि हात हलवून म्हणाल्या,

"आज काही नको. पुढं व्हा."

माझे हात तिथंच राहिले, एकमेकांवर जोडलेले.

मी बोलले नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत मी नव्हते. ओळखून टाळणारी नजर मला माहीत आहे. ही ती नव्हती. दारात आलेल्या कुणाही माणसाकडं बघावं तसं त्या बघत होत्या.

"पोरगी काच पुसतीया," त्या परत म्हणाल्या. "प्रसाद तिकडं वाटायला गेलाय पोरगा. तिकडं जावा."

"आत्या," मी म्हणाले. "मी आहे. जयू."

त्या दचकल्या. हात पदराकडं गेला.

"मग बोलायचं की! मुक्यावानी काय उभी ऱ्हातीस?"

मी दार उघडलं आणि त्यांच्या पायाशी रस्त्यावरच उकिडवी बसले. आता ऊन माझ्या तोंडावर होतं. जवळून त्यांचे डोळे बघितले. वर्षभर एका घरात राहिले, पण असे कधी बघितलेच नव्हते. दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखी होती.

"केव्हापासनं?"

"काय केव्हापासनं?"

"आत्या."

त्यांनी स्टेअरिंगवर बोट फिरवलं.

"दोन पावसाळं झालं. आधी एकच डोळा होता. उन्हात कुणीच दिसत न्हाई गं. सावली दिसती. बोललं की कळतं कोण हाय ते. म्हणून तर विचारती मी आधी, कोण म्हणून."

"शशीला सांगितलं नाही?"

"सांगितलं की आपरेशन. माझ्या थोरल्या बहिणीचं केलं, ती होती ती बी नजर घालवून बसली." त्या थांबल्या. "आणि सून घरात आल्या आल्या सासू आंधळी, हे बरं दिसलं असतं? तू नोकरी करतीस. तुला वाटलं असतं, आणली ती म्हातारीचा हात धरायलाच आणली."

लांबवर मेंढरांच्या मागं धूळ उठली होती. शशीचं बोलणं चालूच होतं.

"दिवाळीच्या आधी," मी म्हणाले, "संध्याकाळचं कुणी आलं होतं दारात? हात जोडून उभा राहिलेला माणूस?"

"लई येत्यात गं. दार पश्चिमेला, संध्याकाळचं मला काय बी..." मग आठवल्यासारखं झालं. "एक जण पिशवी इसरून गेला होता पायरीवर. अनारसे होते आत. चांगल्या तुपातले. मी चार दिस वाट बघितली, मागायला येईल म्हणून. मग आळीतल्या पोरांस्नी वाटले. पिशवी धुऊन ठेवलीया माझ्या ट्रंकेत. निळ्या काठाची. का गं? कोण होता?"

निळ्या काठाची पिशवी आईनं शिवली होती. बाबांच्या जुन्या खाकी पँटची.

मी सांगितलं, कोण होता ते.

आत्यांनी पदर तोंडाशी धरला आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. हॉर्न वाजला. मोठ्यानं, लांबलचक. मेंढरं परत बुजली आणि शशी धावत आला.

"काय झालं? आई? जयू, काय झालं?"

मी उठून उभी राहिले. सांगावं की नको, मला कळेना. आत्यांनीच डोकं उचललं.

"शशी, ही उद्या कराडला निघालीया न्हवं?"

शशीनं माझ्याकडं बघितलं. आपल्या आईला हे माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. डोळ्यांनी गेलेलं त्या कानांनी भरून काढत असणार.

"मला बी जायचंय," त्या म्हणाल्या. "एसटीनं न्हाई. गाडीनं. पोरगी चालवंल."

परतीच्या वाटेवर त्या पुढं बसल्या, शशी मागं. काच स्वच्छ होती. ऊन तसंच तोंडावर होतं, पण त्याच्याखालून काळा रस्ता सरळ दिसत होता. शशी मागून काही विचारायचा, आत्या उत्तर द्यायच्या, तो गप्प व्हायचा, परत विचारायचा. मी न विचारता सांगत गेले. डावीकडं बाभळी आहेत. आता पूल येईल. बैलगाडी आहे पुढं, उसाची. आत्या हूं हूं करत होत्या. एकदा म्हणाल्या, "रंग कुठला हाय बैलाचा?" मी सांगितला.

घरी पोचल्यावर त्यांनी गाडी ओवाळली. काचेवर स्वस्तिक नव्हतं, त्याबद्दल बोलल्या नाहीत. ओवाळून झाल्यावर निरांजन माझ्या तोंडापुढंही फिरवलं, अंदाजानं, जरा एका बाजूला. मी मान तिकडं केली.

सकाळी माझी बॅग डिकीत गेली. तिच्यावर आत्यांनी ती धुतलेली पिशवी ठेवली. त्यात रात्रीच कुणाकडून तरी मिळवलेले लाडू होते. वाटभर त्या पदराचं टोक चुरत होत्या. मीही काही कमी अस्वस्थ नव्हते. बाबा काय करतील ते मला माहीत नव्हतं. बाबा बोलत नाहीत, पण विसरतही नाहीत.

कराडच्या आमच्या घराचं दार पूर्वेकडं आहे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं आणि बाबा ओट्यावर उभे होते, गाडीचा आवाज ऐकून बाहेर आलेले. आत्यांना बघून ते जागीच थांबले. आई त्यांच्या मागून आली, तीही थांबली.

मी हात धरायला गेले, तर आत्यांनी तो सोडवून घेतला. पिशवी दोन्ही हातांत धरून एकट्याच अंगणातून चालत निघाल्या, पाय चाचपत, जरा तिरक्या, तुळशीच्या बाजूला भरकटत. बाबा बघत होते. आयुष्यभर रस्त्यावरची माणसं बघितलेला माणूस तो. नीट चालणारा कोण आणि न दिसणारा कोण, हे त्यांना लांबून कळतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू बदलत गेलेलं मी बघितलं.

ओट्याच्या पायरीपाशी आत्या थांबल्या. बाबांच्या थोडं पलीकडं, खांबाकडं तोंड करून त्यांनी हात जोडले.

"व्याही," त्या म्हणाल्या, "काय तरी बोला. तुम्ही बोलल्याबिगर मला कळायचं न्हाई, तुम्ही कुठं हाय ते."

बाबा पायरी उतरले. पिशवी त्यांच्या हातून घेतली, त्यांना हळूच आपल्याकडं वळवलं.

"या," बाबा म्हणाले.